धाकटीने बांधलं, धाकटीने मोडलं

घरात सुना दोन. थोरली अँब्युलन्सच्या सेवेत, गाड्यांवर जाणाऱ्या सगळ्या नर्सांची प्रमुख. धाकटी मोबाइल कंपनीत इंजिनिअर. दोघींना एकमेकींचं काम कळत नव्हतं असं नाही, फक्त पटत नव्हतं. थोरलीचं म्हणणं, जी गोष्ट हाताला लागत नाही तिच्या भरवशावर माणसाचा जीव ठेवू नये. धाकटीचं म्हणणं, श्वास तरी कुठे हाताला लागतो. त्यावर थोरली म्हणायची की लागतो, नाकाशी हात धरावा लागतो, आणि तो धरायचं काम ती रोज करते. गाडी इथवर आली की दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, टीव्हीचा आवाज हळूच वाढवत.

खाली थोरलीचा संसार, वर धाकटीचा, आणि सासूबाई जिथे चहा आधी होईल तिथे. धाकटी गेलं वर्षभर एकाच कामात बुडालेली होती. ते काम काय, हे सासूबाईंनी एकदा सरळच विचारलं.

"आई, असं बघा," धाकटी म्हणाली, "टॉवर तेच, केबल त्याच, मशीन तीच. पण आतल्या आत भिंती घालायच्या आणि खोल्या पाडायच्या. एका खोलीत सगळ्या लोकांचे फोन, एका खोलीत कारखान्यांची यंत्रं, एका खोलीत फक्त अँब्युलन्स. त्या खोलीला आम्ही स्लाइस म्हणतो. बाहेर कितीही दंगा झाला तरी अँब्युलन्सच्या खोलीत शांतता."

"आणि या भिंती दिसतात?"

"नाही. त्या फक्त हिशेबात असतात."

"म्हणजे आपल्या घरासारखंच," सासूबाई म्हणाल्या, आणि थोरलीच्या डब्यातली साखर धाकटीच्या चहात घालून ढवळू लागल्या.

अँब्युलन्सची ही स्लाइस धाकटीने पायापासून बांधली होती. मुख्य मशीन एका इमारतीत, जोडीचं मशीन शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोघांची वीज वेगळी, केबलची वाट वेगळी. एक पडलं तर दुसऱ्याने पापणी लवायच्या आत काम उचलायचं. खोटा विनय तिच्या अंगातच नव्हता. "माझी स्लाइस पडणार नाही" हे ती भूक लागली म्हणण्याइतकं साधेपणाने म्हणायची. काही लोकांना ते टोचायचं. टोचू दे, काम चोख असलेल्या माणसाने मान खाली घालून का फिरावं?

तिचं जमत नव्हतं ते फक्त मामाशी. मामा म्हणजे माणूस नव्हे, कंट्रोल रूममधला एक प्रोग्राम. कुठल्या स्लाइसला किती जागा द्यायची हे क्षणोक्षणी ठरवणं हे त्याचं काम. एखाद्याची जागा रिकामी दिसली की ती उचलून दुसऱ्याला द्यायची, मालक आला की परत आणून ठेवायची. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याच्या या सवयीमुळेच त्याचं नाव मामा पडलं होतं. अँब्युलन्सची स्लाइस बहुतेक वेळ रिकामी, त्यामुळे मामाचा तिच्यावर कायम डोळा. धाकटीने नियमच घालून टाकला की ही जागा रिकामी दिसली तरी रिकामी नाही.

"मॅडम, एवढी जागा नुसती पडून राहणार?" साहेबांनी विचारलं होतं. साहेब म्हणजे कंट्रोल रूमचे प्रमुख, सज्जन माणूस, पण आकडे बघून त्यांची झोप उडायची.

"आग विझवायला भरून ठेवलेल्या बादलीत कुणी कपडे भिजवत नाही, साहेब."

साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता या सगळ्यात थोरलीचा जीव कुठे अडकला होता ते सांगायला हवं. तिच्या गाड्यांवर जुने वायरलेस सेट होते. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. एक सेट बिघडला की दुसऱ्याचे अवयव काढून त्याला लावायचे, अशी त्यांची गत. शिवाय सेटवरून फक्त आवाज जायचा. पेशंटच्या हृदयाचा आलेख कसा दिसतो हे तोंडाने वर्णन करून सांगायचं, आणि हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने डोळे मिटून तो मनात काढायचा. एकदा एका पुलाखाली सेट मुका झाला होता. गाडीत एक गृहस्थ निळे पडत चाललेले. कुठलं इंजेक्शन द्यायचं हे थोरलीने एकटीने ठरवलं. गृहस्थ वाचले, पण त्या संध्याकाळी थोरलीला हातात कप धरता येत नव्हता. तो कप धाकटीने तिच्या ओठांना लावला होता, आणि तेव्हाच ठरवलं होतं की हे काम कंपनीत दुसऱ्या कुणाला मिळू द्यायचं नाही.

स्लाइस सुरू झाली की आलेख, पेशंटचं चित्र, डॉक्टरचा आवाज, सगळं थेट. मग जुने सेट काढून टाकायचे. म्हणजे त्यानंतर थोरली आणि तिच्या नर्सा गाडीत असतील, समोर जीव असेल, आणि कानाशी असेल ती फक्त धाकटीची स्लाइस. ती पडली तर सगळं त्या पुलाखालच्यासारखंच. थोरलीला ही नवी सोय मनापासून हवी होती, आणि म्हणूनच तिची जास्त भीती वाटत होती.

या कंपनीत एक रीत होती. तिला सगळे मोडणी म्हणत. कुठलीही महत्त्वाची स्लाइस गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी, ज्याने ती बांधली त्यानेच ती सगळ्यांसमोर मोडून दाखवायची. चालू कामात, खऱ्या गर्दीत, स्वतःच्या हाताने मुख्य मशीन बंद करायचं. वेळ गिऱ्हाईक निवडणार. स्लाइस आपली आपण उभी राहिली तर पास, नाहीतर घरी घेऊन जा आणि पुन्हा बांध. या रीतीपायी कंपनीतले बरेच इंजिनिअर देवभोळे झाले होते. धाकटी मात्र मोडणीची वाट बघत होती.

वेळ निवडायचं काम अँब्युलन्स सेवेच्या संचालकांनी थोरलीवर सोपवलं. तिने स्टेडियममधल्या अंतिम सामन्याची दुपार निवडली.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो मॅडम, त्या दिवशी अख्खं शहर तिथे असतं. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येक जण व्हिडिओ काढतोय. रविवारी पहाटे करू ना. जाऊबाई तुमच्याच घरात आहेत, जेवताना जरा कानावर घाला."

"साहेब, जेवताना आम्ही फक्त भांडतो," धाकटी म्हणाली. "आणि त्यांनी बरोबर वेळ निवडलीय. गर्दीतच लोक चक्कर येऊन पडतात. पहाटे मोडून दाखवायची तर ती मोडणी कसली?"

"तुम्हाला खात्री आहे?"

"आहे."

तिला खरंच होती.

सामन्याच्या दिवशी कंट्रोल रूम गच्च भरली होती. मशीनसाठी हवा इतकी गार ठेवलेली की खुर्च्यांच्या पाठींवर बारा महिने स्वेटर लटकलेले. समोर भिंतभर मोठा बोर्ड. तो मामाच चालवायचा. प्रत्येक स्लाइसची एक पट्टी, धडधाकट असेल तर हिरवी, आणि पुढे टक्के. संचालक पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या टेबलावर जुन्या वायरलेसचा एक सेट होता, सवयीने आणलेला. थोरली तिच्या गाडीसकट थेट स्टेडियमच्या फाटकाशी उभी होती. बाकीच्या गाड्या शहरभर आपापल्या जागी. सगळ्यांनी आतला कॅमेरा चालू ठेवून हॉस्पिटलला चित्र पाठवत राहायचं, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

स्टेडियममध्ये आरोळी उठली तशी थोरलीचा निरोप आला, "मोड."

धाकटीने मुख्य मशीन बंद केलं.

बोर्डवरच्या पट्ट्या पिवळ्या झाल्या. लोकांच्या फोनची पट्टी तर लालच झाली, आणि साहेबांनी डोळे मिटले. अँब्युलन्सची पट्टी एकदा लवली आणि पुन्हा हिरवी झाली. पुढे आकडा आला, शंभर टक्के. थोड्या वेळाने बाकीच्या पट्ट्याही सावरल्या. जोडीच्या मशीनने सगळा भार उचलला होता, अगदी तिने आखलं होतं तसा. खोलीत टाळ्या वाजल्या. संचालक उठले, साहेबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "उत्तम. पास म्हणायला हरकत नाही."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी चहा सांगायला गेलं.

धाकटी जागेवरच बसून होती. तिच्या डाव्या हाताला तिचा स्वतःचा फोन पडला होता, आणि तो वाजत नव्हता.

"वहिनींचा फोन आला का कुणाला?" तिने विचारलं.

"फोन कशाला येईल?" साहेब हसत म्हणाले. "सगळं हिरवं आहे की."

"सगळं नीट असलं तरी त्या फोन करतात, साहेब. नीट नसलं तर दोनदा करतात."

लोक हसले. धाकटी हसली नाही. जी बाई गेल्या कित्येक वर्षांत भाजीतल्या मिठापासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत एकाही गोष्टीवर मत दिल्याशिवाय राहिली नाही, ती बाई शहरातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीत उभी राहून, धाकट्या जावेच्या वर्षभराच्या कामाची परीक्षा घेऊन, गप्प बसली होती. बोर्ड काहीही म्हणो, हे शक्य नव्हतं. धाकटीने तिला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मग तिने बोर्डकडे पाहिलं आणि टक्क्यांच्या खाली, बारीक अक्षरात, मामा एकूण किती गाड्यांचे टक्के सांगतोय ते वाचलं. एक गाडी कमी होती.

तेवढ्यात संचालकांच्या टेबलावरचा जुना सेट खरखरला, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात थोरली म्हणाली, "अगं ए, कुणी आहे का तिथे? माझं चित्र मघाशीच गेलंय. इथे सगळं बंद आहे. चहा पिऊन झाला असेल तर बघा जरा."

टाळ्या वाजवलेले हात कुठे ठेवावेत हे कुणाला सुचेना.

काय झालं ते धाकटीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही, आणि लक्षात आलं तसं तिच्या कानांतून वाफा निघाल्या. कुठलाही फोन बोलायला लागण्याआधी नेटवर्कला हजेरी देतो, मी अमुक, मला आत घ्या म्हणून. मशीन बंद पडलं की पुन्हा हजेरी द्यावी लागते. हजेरी झाली की मग ज्याची त्याची खोली. तिने अँब्युलन्सची खोली वेगळी केली होती, वाट वेगळी, वीज वेगळी. पण हजेरीचं दार सगळ्या जगाला एकच ठेवलं होतं. दार हे कुठल्याच स्लाइसमध्ये धरत नाहीत, ते सगळ्यांच्या आधी येतं, म्हणून तिच्या आराखड्यातही ते कधी आलंच नव्हतं. शहरभरच्या गाड्यांना दाराशी गर्दी लागली नाही, त्या आत गेल्या. स्टेडियमपाशी मात्र अख्ख्या स्टेडियमने एकाच टॉवरवरून एकदम दार ठोठावलं, आणि त्या गर्दीत थोरलीची गाडी रांगेत उभी राहिली. आणि मामा? मामा फक्त खोलीत असलेल्यांनाच बरे आहात ना विचारायचा. आत असलेले सगळे बरे होते. जी आत आलीच नव्हती ती त्याच्या लेखी नव्हतीच.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीही नसती. खोल्यांमध्ये वर्षभर जीव ओतणाऱ्यालाच दार दिसत नाही.

पाहता पाहता गर्दी ओसरली आणि थोरलीची गाडीही बोर्डवर आली. आता आकडाही पुरा, पट्टीही हिरवी.

"आली बघा," साहेब घाईने म्हणाले. "जरा उशिरा, पण आली. करारात लिहिलंय त्यापेक्षा आपण कितीतरी वर आहोत. संचालकसाहेबांनीही पास म्हटलंय. मॅडम, तुम्ही सही करा, दाराचं पुढे बघू."

साहेबांचं वागणं लबाडीचं नव्हतं. करार खरा होता, आकडे खरे होते. धाकटीला क्षणभर मोहही झाला, तो नाकारण्यात अर्थ नाही. वर्षभराचं काम, भरलेली खोली, आणि तिचं ते "पडणार नाही" सगळ्यांना पाठ झालेलं. मग तिला थोरलीच्या हातात न राहिलेला तो कप आठवला.

ती उठून उभी राहिली. "मोडणी नापास," ती म्हणाली. "मी बांधलीय, म्हणून हे मीच सांगते. एक गाडी दाराबाहेर राहिली. त्या गाडीत आज पेशंट नव्हता हे आपलं नशीब. सेट काढायचे नाहीत. मी पुन्हा बांधते आणि पुन्हा मोडते."

"अजून किती दिवस लागतील?" संचालकांनी विचारलं.

"लागतील तेवढे. पण होईल. हे मी आजही खात्रीने सांगते."

लाज वाटत होती, तरी आवाज कापला नाही. संचालकांनी जुना सेट उचलून पिशवीत ठेवला.

संध्याकाळी थोरली जिना चढून वर आली. युनिफॉर्म अजून अंगावर होता. धाकटीने दार उघडलं आणि तोंड उघडायच्या आधीच थोरली म्हणाली, "आधी मला बोलू दे. मी तिथे उभी, फोन बंद, हॉस्पिटल बंद, चहूकडे माणसं नाचतायत, आणि मी डब्यात कोंडलेल्या मांजरासारखी. तुला कळतंय का मला काय वाटलं असेल?"

"कळतंय."

"नाही कळत. मला पुलाखालचा तो माणूस दिसला."

धाकटीने सारवासारव केली नाही. "माझी चूक आहे, वहिनी," ती म्हणाली. "दार राहिलं."

तिने दाराची सगळी गोष्ट सांगितली. थोरली ऐकत स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकली, पायांतले बूट काढले आणि एकावर एक ठेवले.

"संचालक म्हणाले, बोर्ड शंभर टक्के दाखवत होता. पास झालंच होतं. मग तू नापास कशाला केलंस?"

"तुम्ही गप्प होतात म्हणून."

थोरलीला हसू आवरेना. दोघीही हसल्या, जरा जास्तच हसल्या, आणि खालून सासूबाईंनी विचारलं की काय पडलं. मग थोरलीने डोळे पुसले. "हे बघ, मला तुझी ती स्लाइस हवी आहे," ती म्हणाली. "तुला वाटतं मला नको आहे. मला हवी आहे म्हणून मी ओरडते. दार बांध. मग पुन्हा मोडू. पण या खेपेला वेळ मी आधी सांगणार नाही. त्या वेळी फोन करीन, त्याच वेळी मोडायचं."

"चालेल."

"कधीही."

"कधीही," धाकटी म्हणाली. "या खेपेला मी दोन्ही टोकं बघून ठेवते."

तिने बघून ठेवली. अँब्युलन्ससाठी हजेरीचं दारच वेगळं केलं, त्याचं जोडीचं दारही दुसऱ्या टोकाला बांधलं, आणि टॉवरलाही शिकवलं की दाराशी कितीही रेटारेटी असली तरी या गाड्यांना आधी वाट द्यायची. मामाचीही शाळा घेतली. आता बोर्डवर आधी सगळ्या गाड्यांची नावं, मग त्यांतल्या हजर किती, गैरहजर किती, आणि टक्के सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात. साहेबांना हिरव्या पट्टीची आठवण यायची, पण ते तक्रार करत नव्हते. जुने सेट काढायचा दिवस ठरला, सोमवार. त्याआधी थोरलीचा फोन यायलाच हवा होता, आणि तो येत नव्हता. धाकटी जेवताना तिच्या तोंडाकडे बघायची, आणि थोरली निवांतपणे आमटी वाढून घ्यायची.

शुक्रवारी ऑफिसं सुटायच्या वेळेला धाकटीच्या टेबलावरचा तारेचा फोन वाजला. कंट्रोल रूममध्ये लोक पिशव्या आवरत होते. फोन थोरलीचा होता, स्लाइसवरून आलेला. धाकटीने तो स्पीकरवर घेतला.

"मोड," थोरली म्हणाली.

सगळे थांबले. साहेबांनी काढलेला स्वेटर पुन्हा घातला.

"आत्ता? तुम्ही कुठे आहात?"

"बाजाराच्या चौकात. पुढे बस, मागे बस, फुटपाथवर मुंग्यांसारखी माणसं, आणि प्रत्येक जण फोनमध्ये डोकं घालून. यापेक्षा चांगली गर्दी मला मिळायची नाही."

मागून कण्हल्याचा आवाज आला. धाकटीचा हात बटणाजवळ गेलेला होता, तो थबकला.

"वहिनी, गाडीत पेशंट आहे?"

"आहे."

"कोण?"

थोरलीने श्वास घेतलेला ऐकू आला. "आई आहेत. बाथरूममध्ये पाय घसरला, मनगट मोडलंय. डोक्याला मार नाही, शुद्धीत आहेत, बीपी बरा आहे. वय बघून छातीला तारा लावल्यात. आलेख हॉस्पिटलला जातोय, डॉक्टर बघतायत."

धाकटी खुर्चीतून उठली. सासूबाईंचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. "मला कळवलं का नाही? आणि आई आत असताना मी मोडू? वहिनी, दुसरी कुठलीही गाडी सांगा, मी आत्ता मोडते."

"ऐक," थोरली म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला, पेशंटशी बोलताना यायचा तसा. "जुना सेट अजून गाडीत, माझ्या डोक्यावर छताला लावलेला आहे. आज तुझं पडलं तर मी सावरीन. सोमवारी सेट निघाला की मग पडलं, तर गाडीत कुणाची तरी आई असेलच, आणि सावरायला काही नसेल. मग ते आजच कळू दे. आणि आपल्या आईंवर कळू दे. दुसऱ्याच्या आईवर मी हा प्रयोग करणार नाही."



"त्यांना विचारलंत?" धाकटीने विचारलं.

"विचारलं. म्हणाल्या, मोड म्हणावं, आज मोडायचाच दिवस दिसतोय."

धाकटीने डोळे मिटले नाहीत. तिने मनातल्या मनात घर एकदा सगळं फिरून पाहिलं, दोन्ही मशीन, दोन्ही वाटा, दोन्ही दारं, टॉवर. कुठेही तिचा पाय अडखळला नाही. भीती होती, आईसाठी होती, पण भीती आणि शंका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या क्षणी तिला त्यांतला फरक स्वच्छ दिसला. शंका नव्हती.

तिने मुख्य मशीन बंद केलं.

लोकांच्या फोनची पट्टी लाल झाली. चौकातल्या त्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी मान वर केली असणार. धाकटीने ती पट्टी पाहिलीच नाही. ती गाड्यांची नावं वाचत होती, वरून खाली, ओठ हलवत, आणि थोरलीच्या गाडीवर येऊन थांबली. हजर. खालची, हजर. त्याखालची, हजर. गैरहजरच्या रकान्यात काहीही नव्हतं. खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. सगळे स्पीकरकडे बघत होते.

स्पीकरमधून हॉस्पिटलच्या डॉक्टरचा आवाज आला, सावकाश, कंटाळलेला वाटावा इतका शांत. "आलेख छान दिसतोय. आजी, हात हलवू नका. सिस्टर, वेदनेचं इंजेक्शन द्यायला हरकत नाही, अर्धंच द्या."

"अर्धं देते," थोरली म्हणाली.

मग कपड्यांची सळसळ झाली, आणि सासूबाईंचा आवाज आला, त्रासलेला आणि अगदी जवळचा. "अगं, ती अजून मोडत का नाहीये? हात ठणकतोय माझा. तिला म्हणावं, काय मोडायचं ते लवकर मोड, म्हणजे मी सुटले."

धाकटीने टेबलाची कड घट्ट धरली.

"मोडलं, आई," ती म्हणाली. "केव्हाच मोडलं."

पलीकडे थोरली रडू लागली. ते सगळ्या खोलीला अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.